आणे घाट ते डिंभे: एक स्टिअरिंग आणि आमची न जुळलेली मतं

गाडी घ्यावी की नाही, हे पुण्यात बसून ठरत नव्हतं, म्हणून आम्ही ती जुन्नरला घेऊन गेलो.

शिरीषचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मित्र निखिल परदेशी निघाला होता आणि त्याला आपली निळी स्पोर्ट्स सेडान विकायची होती. "शनिवार-रविवार फिरवा, घाटात न्या, मग काय ते सांगा," म्हणत त्याने किल्ली हातात दिली. गाडी देखणी होतीच. अडचण स्टिअरिंगची होती. ते व्हेरिएबल-रेशो आहे. म्हणजे असं, की सरळ रस्त्यावर हात थोडा हलला तरी गाडी शांत राहते, पण स्टिअरिंग जितकं जास्त वळवाल तितकी ती नेहमीपेक्षा झपाट्याने वळत जाते. निखिलच्या मते हा गाडीतला सगळ्यात मोठा गुण होता. इंटरनेटवर लोक यावरून हमरीतुमरीवर येतात. मला ते पहिल्या फेरीतच आवडलं नव्हतं.

आणि चालवणारी मीच होते. वर्षापूर्वी शिरीषच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला केव्हाच परवानगी दिली होती, पण तो ड्रायव्हरच्या सीटकडे वळत नव्हता. तरुणपणी ज्याने मला घाटात गाडी चालवायला शिकवलं, तो आता सीटबेल्ट लावून बाजूला गप्प बसायचा. "तुला आवडली तर घेऊ," असं तो म्हणाला, तेव्हा मला रागच आला. गाडीचं वेड त्याचं, आणि पसंत करायची मी?

फेब्रुवारी होता. सकाळी लवकर निघालो, तरी चाकणच्या कोंडीने आपला वाटा घेतलाच. जाणाऱ्यांनी उजाडायच्या आत चाकण ओलांडावं, हे माझं ठाम मत. पुढे मंचर, कळंब, रस्ता मोकळा. इथे ते स्टिअरिंग मला पहिल्यांदा बरं वाटलं. मोठ्या वेगातही गाडी रुळावर ठेवल्यासारखी सरळ जात होती. शिरीषने माझ्याकडे पाहिलं. एवढ्यावर कौतुक करायची माझी तयारी नव्हती.

नारायणगावला बायपास सोडून गावात शिरलो, कारण मला मासवडी खायची होती. तिखट रस्सा, बाजरीची भाकरी, वर कांदा. दोघांचं पोटभर जेवण पुण्यातल्या एका पिझ्झ्याहून स्वस्तात झालं. रस्त्याकडेला द्राक्षांच्या पाट्या लागल्या होत्या. एक धोक्याची सूचना: या भागातले गतिरोधक उंच आहेत आणि अशा गाडीचं पोट खाली असतं. तिरकी घालून चढवा, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

आळेफाट्यावरून पूर्वेला वळलो ते आणे घाटासाठी. घाट छोटा आहे, मोजकी वळणं, पण गाडी पारखायला पुरेसा. पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या डाव्या वळणावर मी नेहमीच्या सवयीने स्टिअरिंग ओढलं आणि गाडीने माझ्या अंदाजापेक्षा जास्त वळण घेतलं. डावं चाक डांबर सोडून खडीवर उतरलं. खडखडाट झाला, मी सावरलं, मागून कोणी नव्हतं.

"मी मागितलं त्यापेक्षा जास्त दिलं हिने," मी म्हणाले.

"तू जुन्या गाडीएवढं मागितलंस," शिरीष म्हणाला. "हिला कमी मागायचं."

"मग बस इथे आणि दाखव."

त्याने सीटबेल्ट ओढून घट्ट केला.

आणे गावात पठारावरचा वारा खात चहा प्यायलो. टपरीशेजारी दुधाचा टेम्पो उभा होता. त्याचा मालक गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "पावणं, बसू का जरा?" मी दार उघडून दिलं. इंजिन चालू करून त्याने उभ्या गाडीचं स्टिअरिंग एका बाजूला फिरवलं आणि थबकला.

"संपलं?"

"संपलं," मी म्हणाले.

"आरं तिच्या! आमच्यात एवढ्यात निम्मं बी व्हत न्हाई." त्याने दुसऱ्या बाजूला फिरवून खात्री केली. "हात लई वाचत्यात राव. पण मला नगं. घाटात स्टिअरिंग फिरवतानाच तर माझी झोप उडती." टपरीवरचे सगळे हसले, त्यात शिरीषही. बऱ्याच दिवसांनी.

मुक्काम जुन्नरला शबानाकडे. ही माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. तिच्या घरचा लोखंडी कपाटांचा धंदा आहे, आणि माल पोचवायचा टेम्पो ती स्वतः चालवते. तालुक्यातला एक रस्ता तिला अनोळखी नाही. रात्री मटणाचा रस्सा आणि गप्पा झाल्या. सकाळी शिवनेरीच्या पायथ्याच्या रस्त्यावर तिने गाडी ताब्यात घेतली. दोन वळणं घेतली आणि थांबवली.

"न्हाई बाई. मी वळायचं ठरवायच्या आधी ही वळती. माझ्या टेम्पोत कपाटं उभी असतात. असं स्टिअरिंग असलं तर पहिल्याच वळणावर सगळी आडवी."

"टेम्पोत हे कोण बसवणार आहे?" शिरीष म्हणाला. "ही एकट्या-दुकट्याने चालवायची गाडी आहे. हिचा विचारच वेगळा आहे. सरळ असताना शांत, वळताना चपळ. हात सोडायलाच नको, उगाच कोपरं वर करायला नकोत."

शबानाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "भावजी, तुमी चालवली का ही?"

"नाही."

"मग हे कुठनं कळलं?"

"वाचलंय."

"वाचून पवता येतं व्हय?" असं म्हणून ती मागच्या सीटवर जाऊन बसली. "चला डिंभ्याला. मी बी येते."

जुन्नरहून घोडेगावला निघालो. उसाचे दिवस, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अधूनमधून लागत होते. त्यांच्या मागे धीराने राहा, वळणावर ओलांडू नका. डिंभ्याला पोचलो तेव्हा धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. एका घरगुती खानावळीत ताजा तळलेला मासा आणि भात खाल्ला. एसटीचा भरवसा नाही, त्यामुळे इथे स्वतःचं वाहन असलेलं बरं.

जेवून गाडीपाशी आलो. मी ड्रायव्हरचं दार उघडणार, तेवढ्यात शबाना म्हणाली, "भावजी, खांदा दुखतो का भ्या वाटतं?"

मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो म्हणाला, "भीती वाटते. वळणात मधेच हात अडकला तर? गाडीत तुम्ही दोघी बसलेल्या."

एवढं त्याने मला वर्षभरात सांगितलं नव्हतं. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. "अडकला तर मी शेजारी आहे."

धरणाच्या कडेच्या सपाट रस्त्यावर तो बैलगाडीच्या चालीने निघाला. मग जरा वेग आला. भीमाशंकरकडचा चढ सुरू झाला, तेव्हा मी विचारलं, "बदलूया?" त्याने मान हलवली, नको. पहिलं तीव्र वळण आलं. मी त्याच्या खांद्याकडे बघत होते, रस्त्याकडे नाही. दोन्ही हात होते तिथेच राहिले, मनगटं वळली, कोपर वर गेलंच नाही आणि गाडी वळणातून बाहेर आली. दुसरं. तिसरं. चौथ्याला वरून एसटी आली, वळण कापत, आमच्या अर्ध्या रस्त्यावर. शबाना मागून ओरडली. शिरीषने ब्रेक मारला, स्टिअरिंग डावीकडे घेतलं, लगेच परत आणलं. गाडी डोंगराच्या बाजूला जागेवर थांबली आणि एसटी आरशाला चाटून खाली निघून गेली.

पुढे जागा बघून त्याने गाडी बाजूला घेतली आणि उतरला. मीही उतरले. तो खांदा गोल फिरवून बघत होता.

"दुखतंय?"

"नाही." तो माझ्याकडे वळला. "अनघा, मला वाटलं होतं हे संपलं."

मी त्याचा हात धरला. शबाना गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून एवढंच म्हणाली, "भावजी, एसटीवाल्याला शिव्या मी दिल्यात. तुमी निवांत चालवा."

परतताना घोडेगावला शबानाचा भाऊ तिला न्यायला आला. जाताना ती बजावून गेली की मत बदललेलं नाही, स्टिअरिंग आगाऊच आहे. पुढे मंचरपर्यंत मी एक गोष्ट मनात घोळवत होते. शेवटी विचारलंच.

"तुला ते आवडलंय, की खांद्याला सोपं जातं म्हणून आवडलंय?"

"यात फरक काय?"

"मला आहे. माझे खांदे धड आहेत. मला अजूनही ते घाई करतं असंच वाटतं."

"मग तू तुझी गाडी चालव," तो म्हणाला. अगदी सहज, भांडणाचा सूर नव्हता. पुण्यापर्यंत तोच चालवत होता. मी वर्षभरात पहिल्यांदा शेजारच्या सीटवर झोपले.

निळी गाडी आम्ही घेतली. माझी जुनी हॅचबॅकही ठेवली. निळीवर माझा हात आता बसलाय, खडीवर चाक उतरत नाही, पण घाटात मला अजूनही जुनीच आवडते. वळण किती घ्यायचं हे तिथे पूर्ण माझ्या हातात असतं. शिरीषला यावर वाद घालायला फार आवडतं, आणि मला तो वाद हरायचा नाही. तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर कुणाचं ऐकू नका, आमचंही नाही. शोरूमभोवतीच्या चकरेवरही विसंबू नका. आणे घाट चढा, डिंभ्याच्या पुढे जा, घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सीटवर बसवा. तुमची मतं जुळली नाहीत तर ट्रिप वाया गेली असं समजू नका.

गेल्या रविवारी शिरीष एकटाच जुन्नरला गेला, शबानाला भेटायला. मी घरी पेपर वाचत होते. परतताना नारायणगावहून त्याचा फोन आला.

"द्राक्षं मस्त आहेत. एक पेटी आणू की दोन?"

"दोन आण. आणि चाकणला कोंडी व्हायच्या आत निघ, नाहीतर अडकशील."

"निघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मी पेपर पुन्हा हातात घेतला. पान उलटताना लक्षात आलं, खांद्याचं विचारायचं राहूनच गेलं.