पिंपावर ठेवलेला हात

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण गावी माझ्या गोबरगॅसवर घरचा स्वयंपाक व्हायचा. इथे कॅनडात, स्कारबरोला मुलाच्या बॅकयार्डात शेण-खरकट्याचं तसंच पिंप लावलं, तर गॅस काही होईना. मुलगा म्हणाला, "बाबा, विंटरच्या आधी हे फेकायचं."

त्या रविवारी सुनेच्या ओळखीच्या एक बाई जेवायला आल्या. जंतूंपासून इंधन आणि पोटाच्या रोगांवर औषध, असलं त्यांचं संशोधन. कोटही न काढता त्या पिंपाशी उकिडव्या बसल्या, झाकण उघडून वास घेतला आणि आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा पिंपावर हात ठेवला.

"काका, यांना थंडी वाजतेय. गाईच्या पोटात राहणारे जीव हे. इन्सुलेशन लावा, ऊब द्या, गॅस देतील."

माझं कधीच न ऐकणारा मुलगा "ओ रिअली?" म्हणत शेजारी बसला. नात तर त्यांना चिकटूनच. माझा नुसता जळफळाट. गोबरगॅस माझा आणि मान बाईंना!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, पिंपात बादलीभर कोमट पाणी ओतलं आणि पिंप नीट गुंडाळलं. इन्सुलेशननं नाही, माझ्या गोधडीनं.