विहारात नेलेला कोंबडा

आमच्या घरात गप्प बसायचं काम बायकोकडे होतं आणि बोलायचं माझ्याकडे. गेल्या शिमग्याला ती गेली आणि दोन्ही कामं माझ्याच अंगावर पडली.

सायवनहून तलासरीला लेकीकडे जाताना बसच्या खिडकीतून एका टेकाडावर पांढरा बुद्धविहार दिसतो. तो दिसला की ती दरवेळी म्हणायची, "एकदा तिथं जाऊन बसायचंय."

"काय मिळतं तिथं?"

"काही नाही. गप्प बसतात."

"मग घरी बस की."

"घरी तुम्ही असता."

नेली नाही मी तिला. म्हणून आता ठरवलं, तिच्या वाटणीचं आपण बसून यायचं. लेकीला, सुनंदाला, सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बाबा, तिथं अर्धा तास बोलायचं नसतं. आई म्हणायची, हे पाच मिनिटं गप्प राहिले तर डॉक्टरला बोलवा."

आता तर जाणं भागच होतं.

आमच्याकडे देवाच्या दारात कोणी रिकाम्या हातानं जात नाही. नारळ आणि कोंबडा, एवढी रीत मला ठाऊक. म्हणून बायकोनं वाढवलेला तांबडा कोंबडा पिशवीत घातला, डोकं तेवढं बाहेर ठेवलं (त्यालाही खिडकी लागते) आणि निघालो.

विहाराच्या फाटकात सुनंदा उभी होती.

"बाबा, पिशवीत काय?"

"कोंबडा."

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, इथं मुंगीलासुद्धा मारत नाहीत."

"मग नारळ?"

"नारळही फोडत नाहीत."

एवढ्यात भंतेजी समोर आले. माझ्याच वयाचे, अंगावर चीवर, पाय अनवाणी. मी पिशवी पाठीमागे लपवली, पण कोंबडा माझ्या कमरेच्या बाजूनं त्यांच्याकडे बघायला लागला. मी सरळ सांगून टाकलं, "कोंबडा आणलाय. तुमची रीत माहीत नव्हती. चुकलं माझं."

भंतेजींनी पिशवीत डोकावून पाहिलं. "ह्याला पाणी पाजलंत का?"

नव्हतं पाजलं. ते स्वतः वाटीत पाणी घेऊन आले. कोंबडा बाहेर चपलांशेजारी चाफ्याला बांधला आणि आम्ही आत गेलो.

घंटेचा एक टोल पडला. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, एक जरा किलकिला ठेवून, आणि लगेच मला दहा गोष्टी बोलायच्या झाल्या. पुढचा माणूस झोपलाय हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. कौलं शाकारायला झालीत, तेही सांगायला हवं होतं. माझा गुडघा तर मला शिव्याच देत होता. जीभ दाताखाली धरली.

तेवढ्यात बाहेर कोंबडा आरवला.

घरी तो आरवला की मी ओरडतो, "गप रे मेल्या!" शब्द ओठांपर्यंत आला. गिळला. तो पुन्हा आरवला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्यांदा आरवला तेव्हा सुनंदा तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली, तिच्यामागं आणखी दोन बाया. पुढचा माणूस जागा झाला. मी हललो नाही. बायको असती तर म्हणाली असती, आपल्या घरात तुमच्यापुढं बोलायची हिंमत त्या एकट्याचीच. सुनंदा उठल्यानं शेजारची जागा रिकामी झाली होती. मी थोडा सरकलो, तिच्या आईला ऐसपैस बसता यावं म्हणून.

दुसरा टोल पडला. अर्धा तास झाला होता आणि मी एक शब्द बोललो नव्हतो!

दारात भंतेजी म्हणाले, "बाबा, आज सगळ्यांत स्थिर तुम्ही बसलात." सुनंदा डोळे पुसत होती. हसून की कशानं, ते विचारलं नाही. इतकं गप्प बसायला मला आता येत होतं.

परतीच्या बसमध्ये कोंबडा मांडीवर मुकाट बसला होता. मी मात्र पुढच्या बाकाला सांगितलं, मागच्या बाकाला सांगितलं, वाटेत चढला त्याला पहिल्यापासून सांगितलं की मी अर्धा तास कसा गप्प बसलो. सायवन आलं तेव्हा कंडक्टरनं मला हाताला धरून उतरवलं आणि विचारलं, "काका, परत कधी जाताय तिथं?"