आईने बाजूला ठेवलेली पुस्तकं

गेल्या महिन्यात एका दुपारी शेजारच्या सकीनाचाची तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या, आणि आमच्या आईचं बिंग फुटलं. पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं...

मी बाळंतपणासाठी माहेरी, रेवदंड्याला आलेली. आलेली म्हणजे काय, झोपूनच होते. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात आमचं बाळ गेलं. त्यामुळे या वेळी अलिबागच्या डॉक्टरबाईंनी प्रवास बंद, जिना बंद, टेन्शन बंद असं बजावलं होतं. पहिली दोन बंद करता येतात हो... तिसरं कसं बंद करायचं ते कोणी सांगत नाही. पोटात जरा वेळ हालचाल जाणवली नाही की माझा जीव टांगणीला लागायचा.

टीव्हीचा आवाज नको वाटायचा. मग आठवण झाली ती माझ्या लाडक्या अंतराळयानाच्या इंग्लिश सिरीयलवरच्या कादंबऱ्यांची. सिरीयल कधीच संपली, पण त्यातलीच माणसं घेऊन वेगवेगळे लेखक नवनव्या गोष्टी लिहीत राहिले. अमोलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पनवेलच्या रद्दीवाल्याकडून अशी पुष्कळ पुस्तकं जमवली होती. एका शनिवारी तो ती सगळी बॅगेत भरून घेऊन आला.

आता प्रश्न, कुठली वाचायची? तर याचं एक गणित आहे. सिरीयल चालू असताना निघालेल्या पुस्तकांत मुख्य माणसांच्या केसालाही धक्का लागत नाही, कारण पुढच्या आठवड्यात ती टीव्हीवर हवी असतात! सिरीयल संपल्यावर मात्र लेखक मोकाट सुटतात... कोणालाही मारतात. हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई, तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि भात टाकायला गेली.

पण बॅग कपाटावर, आणि मला हात वर करायची बंदी. म्हणजे पुस्तक आईच काढून देणार. मी लाल कव्हरवालं मागायचे, ती निळं द्यायची. वर म्हणायची, "हेच हाताला लागलं." काही पुस्तकं तर सापडेचनात! मी फोनवर अमोलशी भांडले, तो बिचारा शपथेवर सांगत होता की सगळी आणलीत.

शिवाय हातात येणाऱ्या पुस्तकांना सुकटीचा वास... मला वाटलं, आपल्या नाकाचेच खेळ असतील, या दिवसांत काहीही होतं.

पण वाचायला मजा येत होती. यान कुठल्याही संकटात सापडू दे, शेवटी सगळे सुखरूप घरी. मला दुपारची शांत झोप लागायला लागली. माझं गणित बरोबर निघालं म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

तर सकीनाचाची. त्यांनी भाकऱ्या ठेवल्या, माझ्या पायथ्याशी टेकल्या आणि म्हणाल्या, "तुझी आय बरी हाय ना गो? काल मागल्या दारी वाळत घातलेली सुकट राखत, बुक घेऊन बसली व्हती, आन ढसाढसा रडत व्हती. इचारलं तर बोलली, त्या यानावरची डॉक्टरीण गेली... पोटात पोर व्हतं तिच्या."

मी तेवढ्यात आत आलेल्या आईकडे बघितलं. आई घाईघाईने भाकऱ्या झाकायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. दुपारी माझा डोळा लागला की ती पुस्तक घेऊन मागच्या पडवीत बसायची. इंग्लिश अडलं की पानावर मोबाइल धरायचा, तो जे वेडंवाकडं मराठी दाखवेल ते जुळवत पुढे जायचं. आधी शेवटची पानं, मग मधली.

माझ्या गणितावर तिने काडीचाही विश्वास ठेवला नव्हता. मुख्य माणसं वाचतात हे ठीक, पण बाकीच्यांचं काय? कुठे कोणाचं मूल दगावलं, कुठे कोणी बाई एकटी मागे राहिली, की ते पुस्तक तांदळाच्या पिंपात. त्यातून जे उरायचं ते माझ्या उशाशी यायचं.

मला हसूही येत होतं आणि रडूही. म्हटलं, "अगं आई, गोष्टच ना ती? मी काय लहान आहे?"

आईने झाकलेल्या भाकऱ्या पुन्हा झाकल्या. मग हळूच म्हणाली, "मागच्या वेळी तुझ्यावर आलं ते मला अडवता आलं नाही गो. हे एवढं तरी माझ्या हातात होतं."

चाचींनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तर उठायचीही बंदी... मी पडल्यापडल्याच तिचा हात घट्ट धरून ठेवला.

त्या दिवसापासून मी पुस्तकं मागणंच सोडून दिलं. आई देईल ते वाचायचं आणि संध्याकाळी दोघींनी त्यातल्या माणसांवर गप्पा मारायच्या. कॅप्टन तिला अजिबात आवडत नाही. म्हणते, नुसते हुकूम सोडतो, जेवायचं कोणाला विचारत नाही!

गेल्या मंगळवारी आम्हाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. काय जोरात रडली ती... आणि तिच्याहून जोरात आई.

आत्ता लेक मांडीवर झोपलीये आणि मी एका हाताने हे टाइप करतेय. इतके दिवस माझ्या वाट्याची सगळी मरणं आई मागच्या पडवीत एकटी वाचून संपवत होती... आणि माझ्या उशाशी रोज फक्त घरी परतलेली माणसं आणून ठेवत होती.