खजुराच्या मुळाशी मीठ

माझा स्वभाव मुळातच आगाऊ. कुणी विचारायच्या आधी सल्ला द्यायचा आणि कुणी थांबवायच्या आत करून मोकळं व्हायचं. साठच्या दशकात नवऱ्यामागे रत्नागिरीहून रास अल खैमाला गेले, तेव्हा हा स्वभावही बरोबर नेला. नवरा तिथल्या एका खजुराच्या मळ्यावर पाण्याचं डिझेल इंजिन चालवायचा. आमची खोली विहिरीला लागूनच होती.

मळ्याची मालकीण साठीच्या पुढची. मी तिला खाला म्हणायची. मावशीला त्यांच्यातही खाला आणि आमच्यातही खाला, तेवढा एक शब्द शिकायचा वाचला. बाकी तिची मोडकी हिंदी आणि माझी त्याहून मोडकी अरबी, यावर आमचं छान चालायचं.

मळ्यात तिच्या आईनं लावलेलं एक झाड होतं, उन्हाळा लागता लागता सगळ्यांच्या आधी पिकणारं. त्या थंडीत ते वाऱ्यानं पडलं. त्याच्या बुडाला केळीला फुटतो तसा एकच कोंब उरला होता. खालानं तो काढून आमच्या दारासमोर लावला, कारण पाटाचं पाणी आधी तिथून जायचं आणि मी दिवसभर घरी असायची.

"बेटी, ये मेरी अम्मी का है. एक ही है," ती म्हणाली. "तू देख."

मी बघितलंच! माझ्या अब्बांची नारळाची वाडी होती. नवा माड लावला की ते खड्ड्यात मीठ घालायचे, पुढेही बुंध्याशी टाकत राहायचे. इकडच्या लोकांना एवढी साधी गोष्ट कशी ठाऊक नाही, याची मला गंमतच वाटली. मासे खारवायचं जाडं मीठ घरात भरपूर होतं. दर शुक्रवारी भांडंभर मीठ मी कोंबाच्या मुळाशी घालत गेले आणि वरून माती सारखी करत गेले. नवऱ्याला सांगितलं नाही. इंजिनाखेरीज त्याचं कशात लक्ष नसायचं.

मे महिना लागला. दुपारी दाराची कडी हाताला चटका द्यायची, पण सकाळ सुखाची असायची. खाला आणि मी पाटात पाय सोडून बसायचो. मोठ्या झाडांवरचे हिरवे घोस हळूहळू पिवळे पडत होते. अशाच एका सकाळी खालाची नजर कोंबावर गेली. पात्यांची टोकं करपली होती आणि बुडाशी मातीवर पांढरा थर आला होता. तिनं उठून चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

समुद्राजवळचा तिचा पहिला मळा असाच गेला होता. आधी माती खारट, मग विहीर, मग घर सोडून सगळे निघाले. ती गोष्ट तिनं मला कितीदा तरी सांगितली होती.

"आज मिट्टी, कल पानी," ती म्हणाली. "खलास."

गप्प बसले असते तर दोष जमिनीवर गेला असता. माझं नाव कुणी घेतलं नसतं. पण ती विहिरीचं पाणी चाखायला निघाली, ते मला बघवेना.

"खाला, नमक मैंने डाला."

"क्यों?"

"हमारे अब्बा डालते हैं. नारियल को."

ती मागे वळली. मग विचारलं, "नारियल आता है?"

"बहुत."

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मळा वाचला होता. मग तिनं कोंबाकडे पाहिलं आणि हसू थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बकऱ्यांच्या लसूणघासाचं पाणी तिनं तोडलं आणि इकडे वळवलं. कोंबाभोवती आळं करायचं, काठोकाठ भरायचं, जिरू द्यायचं, पुन्हा भरायचं. आठ दिवस आम्ही दोघी तेच करत होतो. बाहेरची सगळी पाती वाळली. मधली सुईसारखी पात तेवढी हिरवी होती, पण ती ओढल्यावर हातात आली तर आतला गाभा गेला समजायचं. खाला तिला हात लावू देत नव्हती.

नवव्या दिवशी म्हणाली, "यल्ला, चलो, तू खींच."

मी बिस्मिल्ला म्हणून ओढली. आली नाही. आणखी जोर लावला. नाहीच आली. मी तिथंच चिखलात बसून रडले आणि खाला माझ्या डोक्यावरून ओल्या हातानं थोपटत राहिली.

दोन वर्षांनी आम्ही गावी परतलो. त्यानंतर तीनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, मुंबईच्या बोटीनं आलेल्या एका गाववाल्यानं खालानं पाठवलेला एक डबा आणून दिला. आत खजूर होते, त्या झाडाचे पहिले. त्यांच्यावर फडक्यात बांधलेली मूठभर जाड्या मिठाची पुरचुंडी होती.

खजूर मी घरोघरी वाटले. मीठ मात्र स्वतः वाडीत नेलं आणि अब्बांनी त्या वर्षी लावलेल्या माडाच्या मुळाशी घातलं.