तिन्ही बाजूंनी पाणी

मी कुणाच्या घरात डोकावत नाही. पण आमची गच्ची एकच, आणि शेजारचे माने सर रिटायर झाले तरी अजून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. त्यामुळे त्यांचे किस्से माझ्याकडे आपोआप जमा होतात, मी तरी काय करू!

सरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. आता गावावर पुस्तक लिहितायत. गाव करमाळ्याकडचं. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, आणि माणसं वरच्या माळावर येऊन बसली.

"तिन्ही बाजूंनी पाणी, एका बाजूला जमीन. म्हणजे आमचं गाव द्वीपकल्प!" सर गच्चीवर मला समजावत होते.

सरांच्या पत्नी सुनंदावहिनी रिकामी बादली घेऊन वर आल्या. "सोलापुरात पाच दिवस झाले नळाला पाणी नाही. आपण कुठलं कल्प?"

*

पक्ष्यांच्या प्रकरणासाठी सर दुर्बीण घेऊन चार दिवस पाण्याकाठी राहिले. तिथल्या मच्छीमाराला विचारलं, "हे रोहित पक्षी इथं नेमके कशासाठी येतात?"

तो जाळं सोडवत म्हणाला, "तुमालाच ठावं असंल की सर! तुमी बी थंडीतच येताय, चार दिस ऱ्हाताय, मासं खाताय आन् जाताय!"

*

मग वनस्पती. पाण्याकाठची कुठलीशी पालेभाजीसारखी वनस्पती सरांनी ओल्या पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. दुपारी ती वरणात!

"अगं, माझा नमुना होता तो!"

"नमुना कसला? घोळाची भाजी आहे ती. आमच्या माहेरी, मोडनिंबला बांधाबांधावर उगवते."

सर खूप चिडले. दोनदा वरण घेतलं. संध्याकाळी वहीत लिहिलं, 'चव किंचित आंबट.'

*

खरी पंचाईत झाली माणसांच्या प्रकरणात. सरांना बुडालेल्या गावाचा नकाशा हवा होता. कागद कुठंच नाही, आणि जुनी माणसं एकेक करून चाललेली. "नकाशा नसेल तर हे पुस्तक छापायचंच नाही," सर म्हणायचे, आणि ते खरंच तसं करणार हे आम्हाला माहीत होतं.

म्हणून सरांनी घरोघरी जाऊन विचारलं. प्रत्येकाचं घर दोन चौकांचं! प्रत्येकाच्या परसात आड! सरांनी सगळं कागदावर मांडलं आणि डोक्याला हात लावला. "हे सगळं धरलं तर आमचं गाव सोलापूरपेक्षा मोठं होतंय!"

खरं सांगेल असं एकच माणूस उरलं होतं, सरांची हौसाआत्या. ऐंशीच्या पुढची. पण आत्या त्या विषयावर तोंडच उघडत नव्हती.

"पाण्यात गेलं ते गेलं. मासं हायत की तितं, त्यांस्नी इचार!"

*

यंदाच्या उन्हाळ्यात पाणी बरंच मागं हटलं आणि जुन्या गावातल्या घरांची जोती उघडी पडली. सर आत्याला घेऊन निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण चहाचा थर्मास घेऊन मी आधीच गाडीत बसले होते.

जिकडंतिकडं भेगाळलेला गाळ, त्यात दगडांच्या ओळी. सर कागद उलगडून बोटानं दाखवायला लागले, "आत्या, हा रस्ता म्हणायचा का?"

आत्यानं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. ती काठी टेकत सरळ चालत गेली. एका ओळीपाशी थांबली. चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून आत गेली. वर तर नुसतं आभाळ होतं!

सर मागोमाग निघाले.

"चपला!" आत्या ओरडली.

सरांनी मुकाट्यानं चपला काढल्या. खिशातली पेन्सिल काढली आणि कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढली.

"बस खाली," आत्या एका दगडाकडं बोट दाखवून म्हणाली. "चुलीला पाठ करू नगंस."

चहा द्यावा म्हणून मी जवळच्या बाजूनं आत पाय टाकला. आत्यानं एकदम काठीच उगारली.

"अगं बया, भिंतीतनं काय येतीस? दार हिकडं हाय की!"

मी थर्मास सांभाळत वळसा घातला, आणि दारातून आत आले.