साबणाच्या डबीतलं पाखरू

मी मुळात भुंगेऱ्यांची माणूस. घाटकोपरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात भुंगेरे जमवायचे. भुंगेरा हा सरळ प्राणी आहे. मेल्यावर पाण्यात बुडवा, वाळवा, पुन्हा भिजवा, त्याचा रंग सहसा हलत नाही. पतंगांच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. गेले ती आईमुळे.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. वडील गेले आणि मुलुंडच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. पावसाळा संपताना आई म्हणाली, देवीला जाऊन येऊ. आमची कुलदेवी घाटमाथ्यावर, जंगलात. रात्री देवळाच्या धर्मशाळेत राहिलो. सकाळी आई अंघोळ करून बाहेर आली, तर ओसरीच्या भिंतीवर एक पतंग बसलेला. मी अजून अंथरुणात होते. लेकीला किड्यांचं वेड आहे हे तिला पुरतं ठाऊक. तिने हातातली साबणाची डबी रिकामी केली, पतंगाला आत घातलं, झाकण लावलं आणि डबी माझ्या पिशवीत टाकली.

"पोपटी पाखरू ठेवलंय गो तुझ्यासाठी," तिने मला उठवताना सांगितलं. एसटी गाठायच्या घाईत मी डबी उघडलीच नाही.

घरी येऊन उघडली, तर पतंग मेला होता, पण पंख धड होते. आणि रंग पिवळा. चांगला लख्ख पिवळा, पिकल्या लिंबासारखा.

"आई, पोपटी कुठाय यात?"

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "मी धरला तेव्हा पोपटी होता."

"आई, पिवळा आहे. समोर दिसतोय ना?"

माझा आवाज चढला, कारण मी घाबरले होते. त्या काही महिन्यांत ती दोनदा गॅस चालू ठेवून देवळात गेली होती. आमटीत मीठ एकदा विसरायची, एकदा दोनदा घालायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं, त्यात नवरा गेलेला, होतं असं. माझं समाधान झालं नव्हतं. आता हे रंगांचं नवीनच.

पतंग मी अंधेरीला माझ्या सरांकडे नेला. सर निवृत्त झालेले, आणि तेही भुंगेऱ्यांचेच. पण भिंग लावलं आणि त्यांनी मान वर केलीच नाही. पुढचे कित्येक रविवार आम्ही जाडजूड ग्रंथ चाळले, शहरातल्या संग्रहालयात जाऊन वाळलेल्या पतंगांच्या पेट्या पाहिल्या. मिशा, पंखांवरच्या रेषा, पोटाच्या टोकाचे अवयव, सगळं ताडून बघितलं. कशाशीच जुळेना. "नवीन आहे," सर म्हणाले. "लिही तू." मग भुंगेऱ्यांच्या दोन माणसांनी पतंगाचं बारसं करायला घेतलं. पिवळा या अर्थाचा एक लॅटिन शब्द मी नावासाठी शोधून काढला. आईलाही ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर पलंगावर सगळ्या साड्या पसरलेल्या. एकेक उचलून ती मला विचारत होती. "हा मोरपंखी ना?" हो. "हा लिंबू?" हो. "आणि हा पोपटीच ना गो?" हो, आई.

"म्हणजे रंग कळतात मला," ती म्हणाली आणि साडी मांडीवर घेऊन बसून राहिली. "मग त्या दिवशी काय झालं मला?"

मी साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. त्यानंतर तिला एक सवय लागली. काहीही सांगितलं की पुढे जोडायची, "पण मला काय कळतंय." भाजीवाला आला होता, पण मला काय कळतंय. मला ते ऐकवत नसे.

शेजारी ठेवून तुलना करायला त्याच कुळातला एखादा साधा पतंग हवा होता. तो मी आरे कॉलनीत पकडला. हिरवागार. वाळून त्याचे पंख कडक झाले होते. भुंगेऱ्यांचे पाय मऊ करायला आम्ही जे करायचो तेच केलं: बरणीत ओली वाळू, वर पतंग, घट्ट झाकण. दोन दिवसांनी बघते तर आत पिवळा पतंग. आधी वाटलं, बरण्यांची अदलाबदल झाली. मग वाटलं, आईचं आता मला लागलं. बरणी हातात धरून मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते, आणि समोर मोरीच्या कट्ट्यावर ती साबणाची डबी होती. तळाशी पाणी साचलेली.

म्हणजे त्या सकाळी पतंग पोपटीच होता. ओलीने त्याचा रंग उतरला, डबीच्या आत, एसटीत, माझ्या मांडीवर.

मी आईला बरणी दाखवली, सगळं सांगितलं आणि तिला मिठी मारून रडले. ती मला थोपटत राहिली. नाव मी बदललं, पोपटी या अर्थाचं दिलं. सर म्हणाले, "अगं, नमुना पिवळा आणि नाव हिरवं? पुरावा काय?" पतंगाच्या टाचणीखाली चिठ्ठी असते, त्यावर कोणी पकडला ते लिहावं लागतं. तिथे आईचं नाव होतं. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मग साक्ष घ्यायलाच हवी." वर्णनात ओळ गेली: जिवंतपणी पोपटी, पकडणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून.

लेख छापून यायला वर्षाच्या वर गेलं. तोवर गॅसची चावी मी कॉलेजला जाताना सिलिंडरवरच बंद करून जात होते. अंक आला त्या संध्याकाळी मी आईच्या शेजारी बसून पान उघडलं. मी काढलेलं पतंगाचं चित्र, काळ्या शाईतलं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"छान काढलंस. रंग नाय भरलास?"

"कुठला भरू, आई? सांग तूच."

तिने माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. शाळेतल्या मुलीने बाईंच्या चेहऱ्यावर उत्तर शोधावं तसं.

"पिवळा," ती म्हणाली. "पिवळाच होता ना गो तो? तूच म्हणालीस."

हे तिचं विसरणं होतं की मी तिला तसं पढवलं होतं, मला आजही कळलेलं नाही. तो पतंग पोपटी असताना पाहिलेलं जगात एकच माणूस होतं.

"पोपटी होता, आई," मी म्हणाले. मी तो तसा कधी पाहिला नव्हता.