चाळीस टक्क्यांचा पाय

माझ्या बाबांच्या पायाचा लिलाव रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात, तीन डॉक्टरांसमोर झाला. बोली चढवणारी माझी आई होती आणि भाव पाडणारे खुद्द बाबा. मी मधे फाइल छातीशी धरून उभी होते आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी नुकतीच दहावी पास झाले होते, आणि त्या वयात अब्रू फार जपावी लागते.

आम्ही हर्णेचे. बाबा तांडेल, म्हणजे बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. एकदा किनाऱ्याला लागताना दोन बोटींच्या मधे त्यांचा डावा पाय सापडला. गावच्या हाडवैद्याने तो बसवला, पण त्याच्या मनाला येईल तसा बसवला. गुडघा वाकेना आणि पाऊल कायमचं बाहेरच्या बाजूला बघत राहिलं. समुद्र सुटला. घर आईच्या माशांच्या टोपलीवर चालू लागलं आणि बाबा दारात बसू लागले.

अशात पुळणीवर संध्याकाळचा मासळीचा लिलाव पुकारणारे म्हातारे थकले. मच्छीमार सोसायटीने बाबांना विचारलं. बाबांचा आवाज असा, की वारा समोरून असला तरी शेवटच्या होडीपर्यंत जायचा. अडचण एवढीच, की ओल्या वाळूत बराच वेळ उभं राहायचं होतं आणि बाबा काठी घेऊनही तिथे पडायचे. दापोलीचे डॉक्टर म्हणाले, लोखंडी पट्ट्यांचा बूट घातलात तर उभे राहाल. तो विकत घेणं आमच्या सात पिढ्यांना परवडलं नसतं. सरकारकडून फुकट मिळायचा, पण त्यासाठी पाय निदान चाळीस टक्के निकामी असल्याचा दाखला हवा होता. दाखला नाही तर बूट नाही, आणि बूट नाही तर बाबांनी जन्मभर दारातच बसायचं.

अर्जाला फोटो लागायचा, तोही अपंगत्व दिसेल असा. त्यासाठी आम्ही दापोलीच्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथला फोटोग्राफर भला माणूस. एवढ्या रुबाबदार गृहस्थाचा पाय तसा दिसू नये म्हणून त्याने आपण होऊन समोर फुलांची कुंडी ठेवली. बाबांनी मिशीला पीळ दिला. फोटो इतका झकास आला, की आईने त्याची आणखी एक प्रत काढून घरात लावली. पुढे रत्नागिरीला दवाखान्यातल्या कारकुनाने तो फोटो चष्मा वर करून, चष्मा खाली करून बघितला आणि म्हणाला, "यात नक्की अपंग कोण आहे? कुंडी?"

पण खरा घोटाळा आईने आदल्या संध्याकाळी करून ठेवला होता. रत्नागिरीत मिरकरवाड्याला तिच्या मावशीकडे आम्ही उतरलो होतो. आईचं सगळं आयुष्य गिऱ्हाइकापुढे माल मांडण्यात गेलेलं. टोपलीत ताजी सुरमई वर, नरम पडलेली खाली, आणि सगळ्यावर पाणी शिंपडून आणलेली चकाकी. परक्या माणसाला काही दाखवायचं ते नीटनेटकं करूनच, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. तिने बाबांचा पाय पाटावर घेतला. कोमट खोबरेलाने रगडला, गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकला, वर हळदही चोळली.

"आई, पाय उद्या वाईट दिसायला हवा," मी म्हटलं.

"येवढे मोठे डॉक्टर. त्यांना काय असा सुकवलेला पाय दाखवायचा?" ती म्हणाली. मावशीनेही माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प बसले. दहावीला मला चांगले गुण होते, पण घरात त्याची किंमत तेवढीच.

सकाळी पायाची सूज उतरली होती आणि तो असा तुकतुकीत दिसत होता, की उजवा पाय त्याच्यापुढे गरीब नातेवाईक वाटावा. बाबांनी गुळगुळीत दाढी करून घेतली, लग्नकार्यातला सदरा चढवला आणि आमची वरात निघाली.

दवाखान्यात आत लांब टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. मधले वयस्कर डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा." बाबांनी काठी माझ्या हातात दिली. मला जे कळायचं ते तिथेच कळलं. छाती पुढे काढून, दात आवळून ते भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. तेवढ्यातही त्यांनी वाटेतली एक खुर्ची उचलून बाजूला ठेवली. डॉक्टरांनी पाय बघितला, दिव्याखाली तो चमकलाही.

"बरीच सुधारणा आहे," वयस्कर डॉक्टर म्हणाले. "तीस टक्के."

"तीस?" आई म्हणाली.

तो स्वर मी ओळखला. दापोलीच्या बाजारात कुणी पापलेट अर्ध्या किमतीला मागितलं की तो लागायचा. पदर खोचून ती टेबलापाशी गेली. "सायब, लांबून भाव सांगू नका. हात लावून बघा. गुडघा दाबून बघा, वाकतो काय? पाऊल बघा, माणूस चाललाय रत्नागिरीला नि पाऊल चाललाय मंडणगडला. साठ बोला."

"गप ऱ्हा गो," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "साठ कसले? चाललो ना मी यांच्यासमोर? सायब, पंचवीस लिवा."

"पंचवीस? पंचविसात देताव काय पाय?"

"पाय माझा हाय. भाव मी सांगणार."

"पस्तीस होऊ शकतील," कडेचा तरुण डॉक्टर म्हणाला, आणि आपणही बोली लावून बसलो हे ध्यानात येऊन त्याने जीभ चावली.

वयस्कर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, इथे बोली लागत नाही."

"मग ठरवता कसा?" आईने विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टर बाबांकडे वळले. "काम काय करता?"

"तांडेल हाय."

"आत्ताही जाता बोटीवर?"

बाबा भिंतीकडे बघत राहिले. बाजाराचा आवाज टाकून आई हळूच म्हणाली, "आता दारात बसतात. सांजच्याला बोटी दिसाय लागल्या की दर्याकडं पाठ करून घरात तोंड करून बसतात. काळोख पडला की मग वळतात."

मला बाबांकडे बघवेना.

डॉक्टर उठून टेबलाला वळसा घालून आले. "तांडेल, जरा जमिनीवर मांडी घालून बसता?"

बाबांनी खाली फरशीकडे बघितलं. आई काही बोलणार होती, तिला त्यांनी हाताने थांबवलं. "नाय बसता येत, सायब," ते म्हणाले. "हे झाल्यापासून पंगतीला बसलो नाय. वाळूत उभा ऱ्हायलो तर पडतो." मग घसा साफ करून म्हणाले, "चाळीस लिवा."

पाय मोडल्यापासून त्यांच्या तोंडून हे कुणीच ऐकलं नव्हतं. आम्हीही नाही. मला रडू आलं आणि मी ते फाइलमागे लपवलं. डॉक्टरांनी गुडघा नीट हाताळला, फूटपट्टी लावून मोजमाप घेतलं आणि पंचेचाळीस लिहिले.

बूट हातात यायला पावसाळा उलटला. तो घालून बाबांनी पुढे कितीतरी वर्षं लिलाव पुकारला, आणि आई तिथे विकत घ्यायची त्या मालाचा भाव एकदाही ओळखीखातर पाडला नाही. त्यावरून घरात रोज भांडण व्हायचं.

पण त्या दिवशी शिक्का मिळेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. आई धुसफुसत होती. "घाई केलीत. तुम्ही चाळीस बोललात म्हणून पंचेचाळिसावर तुटला. पन्नास कुठं गेले नव्हते."

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी पाठ करून बसतो, हे तुला सांगितलान कुणी?"

"सांगाय कशाला होवा?" आई म्हणाली. "मी लिलावात उभी असते ना, तिथनं आपला दार दिसता."

उठताना मी काठी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. आईच्या खांद्यावर हात ठेवून ते उठले आणि भर रस्त्याने एस.टी. स्टँडपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.